सायकल बोटीवर नेण्याआधी

लालबाग, मुंबई
दि. 6 ऑक्टोबर

चि. मुक्ता हिस,


तुझा मेसेज मिळाला, फोटोही पाहिले. डिसेंबरात गेटवेसमोरून शिडाच्या बोटीचा नांगर उचलायचा, खाडी-खाडीत मुक्काम करत गोवा गाठायचा आणि तुझ्यासाठी नि निखिलरावांसाठी घडीच्या दोन सायकली बरोबर घ्यायच्या, असं तुमचं ठरलंय. "मामा, यातली कुठली घेऊ?" एवढंच तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणून मोकळी झाली असतीस, म्हणून लिहायला बसलो. शिडं कशी लावायची, वारा कसा धरायचा ते मला विचारू नकोस, त्यात माझा काही अभ्यास नाही. पण माझगाव डॉकमध्ये फिटर म्हणून आयुष्य गेलं, खारं पाणी धातूचं काय करतं ते रोज पाहिलं, आणि लालबाग ते माझगाव ये-जा सायकलवरच केली. तेवढ्या हक्काने बोलतो.

पहिली गोष्ट, दोन सायकली नकोत. एक घे.

का ते ऐक. आपल्या कोकणच्या खाड्यांत बोट बांधून, कुलूप लावून, निर्धास्त गावात हिंडायला जावं अशी सोय नाही. तुम्ही नांगरावरच राहणार. भरतीला बोट तोंड एकीकडे करते, ओहोटीला दुसरीकडे. शिवाय दुपारनंतर खारा वारा चढतो. खाडीचा तळ कुठे चिखल, कुठे खडक. नांगर सुटला तर बोटीवर माणूस हवाच. म्हणजे तुम्ही दोघंच असताना एक जण किनाऱ्यावर आणि एक जण बोटीवर, हाच नेम धरावा लागेल. मग दुसरी सायकल कुणासाठी? रत्नागिरीला किंवा मालवणला कुणी ओळखीचं बोटीवर बसायला मिळालं आणि दोघं उतरलात, तर रिक्षा आहे, एसटी आहे. मालवणात तर बाजार बंदराला लागूनच आहे, सायकलची गरजच नाही. निखिलरावांना वाईट वाटेल, पण त्यांना सांग, मामा म्हणतो पाळीपाळीने चालवा.

आता कुठली. तू पाठवलेल्यात ती सात गिअरची, डिस्क ब्रेकची, चकचकीत आहे ना, ती पहिली बाद. गिअरचं मागचं यंत्र म्हणजे बारीक स्प्रिंगा, बारीक पिना, बारीक वायर. मीठ बसायला जागाच जागा. सगळ्यात साधी, एकच गिअर असलेली, वीस इंची चाकांची, चिमटा ब्रेकची घे. तू म्हणशील, कोकणात खाडीतून वर चढायचं म्हणजे घाटच, एका गिअरवर कसं जमेल? खरं आहे. बंदरातून बाहेर पडलं की तांबड्या जांभ्याचा चढ समोर उभा. हर्णैहून दापोलीकडे निघालीस तर मामाची आठवण काढशील. त्याला उपाय आहे. मागचं फ्रीव्हील दोन-चार दातांनी मोठं बसवून घे. सपाटीवर पाय जरा जास्त हलवावे लागतील, चढावर गुडघे वाचतील. त्याहून मोठा चढ आला तर उतर आणि ढकल. डबेवाल्यांना दादरच्या पुलावर सायकल ढकलताना कधी लाज वाटली नाही, तुला कशाला वाटावी?

बॅटरीची तर नकोच. मोठी लिथियम बॅटरी, मिठाची हवा आणि फायबरची बंद केबिन. ती पेटली तर विझवायला तिथे अग्निशमन दल येत नाही. हा विषय इथेच संपला.

पोलादी फ्रेम की अ‍ॅल्युमिनियम, यावर तुमच्या मित्रमंडळींत वाद होतील. पोलाद गंजतं, पण ते लाल डाग दाखवून गंजतं. रंग उडाला की खरवड, प्रायमर मार, रंग लाव. अ‍ॅल्युमिनियम वरून देखणं राहतं आणि आत शांतपणे खेळ करतं. यातलं एक उदाहरण नीट समजून घे, कारण घडीच्या सायकली याच जागी मरतात. सीटचा पाईप फ्रेममध्ये सरकवलेला असतो. पाईप एका धातूचा, फ्रेम दुसऱ्या धातूची, मध्ये खाऱ्या पाण्याचा ओलावा. झाली बॅटरी तयार. दोन धातूंतला जो विजेच्या दृष्टीने कमकुवत, तो झिजत जातो. इथे तो अ‍ॅल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी भुकटी होते, आणि ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. जागा तर एका केसाएवढी. मग पाईप असा जखडतो की हातोडा मारा, तेल ओता, पाईपरेंचने पिळा, हलत नाही. सीट खाली सरकली नाही की घडी होत नाही, घडी झाली नाही की सायकल लॉकरात जात नाही. आमच्याकडे जहाजाच्या तळाला जस्ताच्या पट्ट्या लावतात त्या याचसाठी: झिजायचं तर जस्ताने झिजावं, जहाजाने नव्हे. सायकलला जस्त लावून भागत नाही, कारण ती पाण्यात बुडून राहत नाही. तिला ग्रीसच हवं. दर पंधरा दिवसांनी सीटचा पाईप पूर्ण बाहेर काढ, फडक्याने पूस, आत-बाहेर बोटीवर वापरतात ते पाण्यात न विरघळणारं ग्रीस चोपड, परत घाल. कामाला पाच मिनिटं लागतात. बिजागरीच्या बोल्टचंही तेच.

नट-बोल्ट बदलायचे असतील तर नागदेवी स्ट्रीटला जा. तिथे 316 नंबरचं स्टेनलेस माग, 304 नको. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, "बघा, चिकटत नाही, अस्सल माल." दोन्हीही फारशी चिकटत नाहीत, चुंबकाने 304 आणि 316 ओळखता येत नाही. बोल्टाच्या डोक्यावर ए4 कोरलेलं असेल तर घे, ए2 असेल तर ठेव. आणि स्टेनलेस बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये कोरडा कधी पिळू नकोस, आट्यांना आधी ग्रीस. स्पोक स्टेनलेसचे आणि निप्पल पितळेचे आहेत का, तेही विचार. हलक्या वजनाच्या नादात हल्ली अ‍ॅल्युमिनियमची निप्पल घालतात. ती समुद्रावर एका हंगामात भुगा होतात.

ठेवायची कुठे, हा खरा कळीचा मुद्दा. तू फोटोत दाखवलंस तशी परदेशी बोटींवर सायकल कठड्याला उभी बांधलेली दिसते, वर निळं कव्हर. दिसायला छान. पण बोट कलली की खालच्या बाजूचा कठडा लाटेतच असतो. म्हणजे सायकल समुद्रात धुतली जाते, कव्हराच्या आत पाणी साचतं, आणि कव्हर तिला वाळू देत नाही. वाऱ्याचा रेटा वेगळा. कठड्याचे खांब माणसाला तोल सावरायला असतात. सायकलवर लाट आदळली की खांबाची मुळं हलतात आणि तिथून डेकमधून पाणी झिरपायला लागतं, ते तुमच्याच गादीवर. आणि शिडाची दोरी नेमक्या वेळी पायडलमध्ये अडकते. तेव्हा सायकल आत. कॉकपिटखालच्या लॉकरात बसली तर उत्तम, नाहीतर पुढच्या केबिनीत, जाड ताडपत्रीच्या पिशवीत, दोन जागी बांधून. मोकळी राहिली तर एका उसळीत केबिनीचं लाकूडकाम फोडेल.

आत ठेवण्यातही एक मेख आहे, ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. सुकाण्यासमोरचं होकायंत्र सगळ्यांना दिसतं, त्याच्याजवळ कुणी लोखंड ठेवत नाही. पण तुमच्या ऑटोपायलटला स्वतःचं वेगळं होकायंत्र असतं, एक लहानशी डबी, आणि ती बहुतेक बोटींत कुठल्यातरी लॉकराच्या भिंतीवर किंवा बंकाखाली स्क्रूने ठोकलेली असते. तिच्याशेजारी सायकल लोटलीस तर ऑटोपायलट ठरवलेल्या दिशेपेक्षा दहा-वीस अंश बाजूला जायला लागेल, आणि तुम्ही वाऱ्याला आणि यंत्राला शिव्या देत बसाल. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असली तरी चेन, एक्सल, छर्रे, स्टँड हे सगळं पोलादच. डबी कुठे आहे ते आधी शोध. मग नांगरावर असताना, बोट स्थिर बघून, सायकल हळूहळू जवळ ने आणि स्क्रीनवरचा आकडा बघत राहा. जिथे आकडा हलला, त्याच्या बरंच अलीकडे सायकलची जागा.

बोटीवरून होडीत आणि होडीतून धक्क्यावर सायकल नेताना ती हातातून निसटून पाण्यात जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. याचं शिक्षण मला फार लहानपणी मिळालं. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं करत पणजीपर्यंत. अर्धा लालबाग-परळ गणपतीला आणि शिमग्याला तिनेच गावी जायचा. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची आणि उतारूंना न्यायला पडाव, म्हणजे होड्या, यायच्या. एकदा एका चाकरमान्याने गावच्या भावासाठी वरळीच्या हिंद कारखान्याची कोरी सायकल नेली होती. सगळं वऱ्हाड तिच्याकडे बघत होतं. खलाशाने घाई केली नाही. आधी हँडल आडवं करून फ्रेमला बांधलं, म्हणजे ते गर्रकन फिरून कुणाला लागायला नको. दोर फ्रेमच्या त्रिकोणातून घेतला, चाकातून नाही. दोराचं दुसरं टोक बोटीला गाठवलं, आणि मगच सायकल कठड्यावरून पलीकडे गेली. पडावातला माणूस हात वर करून उभा, पण पडाव लाटेबरोबर वर येईपर्यंत त्याने सायकलला हात लावला नाही. वर आला, धरली, वरच्याने दोर ढिला सोडला. खाली जाणाऱ्या पडावात उतरवली असती तर सायकल आणि माणूस दोघेही समुद्रात. तुमची रबरी होडी असली तरी रीत हीच: आधी दोर, मग सायकल, आणि झेलायची ती लाटेच्या डोक्यावर. पिशवीत घालून दिलीस तर पायडल रबराला भोसकणार नाही.

मुंबईच्या भरती-ओहोटीचा अंदाज तुला आहेच. उधाणाला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होतं. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने तेलकट होतात, तिथे सायकल खांद्यावर घेऊन चढायचं धाडस करू नकोस. भरतीची वेळ बघून उतर.

सायकल घेऊन उतरल्यावरचा आनंद मात्र भरपूर आहे, तो मी नाकारत नाही. विजयदुर्गच्या जेटीवर उतरलीस तर किल्ला समोर आहे, पण भाजीपाला आणि हार्डवेअर हवं असेल तर पडेल कॅन्टीनच्या नाक्याकडे जावंच लागतं. राजापुरीच्या खाडीत नांगर टाकलात तर मुरूडचा बाजार चार-पाच किलोमीटर. अशा ठिकाणी सायकलने सकाळ सार्थकी लागते. आणि एक युक्ती: खाड्यांवर आता फेरीबोटी आहेत. दाभोळ-धोपावे फेरी 2003 साली सुरू झाली, तशाच आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ. त्यावर सायकल चढते. म्हणजे बोट एका तीरावर नांगरून ठेव आणि दोन्ही तीर हिंड. पलीकडे काही आणायचं म्हणून नांगर उचलायला नको. इथून निघण्याआधी सराव करायचा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून 2020 पासून रो-रो मांडव्याला जाते. एका रविवारी सायकल घेऊन जा, अलिबाग वीसेक किलोमीटर आहे, वालाचं बिरडं खाऊन संध्याकाळी परत ये. त्यात सीट टोचते की नाही तेही कळेल.

वेळेचं गणित सांभाळ. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो तेव्हा तुम्ही निघणार, दुपारी वायव्येचा वारा धरून पुढे जाणार, आणि जाळ्यांच्या बोयांत अडकायला नको म्हणून उजेडातच नांगर टाकणार. म्हणजे पोहोचाल तेव्हा चार-पाच वाजलेले. त्याच संध्याकाळी सायकल काढून निघू नकोस. आधी जेटीवर जा, मासेमारी सोसायटीत दोन शब्द बोल, सागरी पोलिसांची चौकी असेल तिथे बोटीचे आणि तुमचे कागद दाखव. 1993 साली याच किनाऱ्यावर, श्रीवर्धनजवळ शेखाडीला, स्फोटकं उतरली होती. 2008 ला अतिरेकी कफ परेडला रबरी होडीतूनच उतरले. अंधार पडता पडता एक अनोळखी माणूस रबरी होडीतून येतो, भली मोठी काळी पिशवी उतरवतो आणि झाडीकडे निघतो, हे दृश्य गावकऱ्याच्या डोळ्यांनी बघ. त्याने पोलिसांना फोन केला तर तो बरोबरच आहे. सकाळी, जेटीवर सगळ्यांदेखत पिशवी उघडून सायकल उलगडलीस तर पोरं जमतील, एखादा म्हातारा "कितीला घेतली?" विचारेल, आणि तू परत येईपर्यंत होडीवर लक्षही ठेवेल. सायकलचं बिल फोनमध्ये असू दे.

वाळूत मात्र सायकल घालू नकोस. ओल्या वाळूत, लाटेच्या कडेने सायकल चालवतानाचा व्हिडिओ हल्ली प्रत्येकाला हवा असतो. तेवढ्यासाठी चेनीत वाळू, एक्सलमध्ये वाळू, आणि वाळूच्या कणाकणाला मीठ. फोटो हवाच असेल तर उभी करून काढ.

परत आल्यावर गोडं पाणी. तुमच्या टाकीतलं पाणी मोजून वापरायचं हे मला माहीत आहे, म्हणून बादली मागत नाही. झाडांना मारतात तसा फवारा ठेव, अर्धा लिटर पुरतो. वरून खाली फवारायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्या फडक्याने. जेटीवर नळ आणि पाईप मिळाला तर जोराची धार एक्सलवर मारू नकोस, त्याने मीठ आणखी आत ढकललं जातं. चेनीला तेल थेंब-थेंब, आणि वरचं पुसून टाक. ओघळेपर्यंत घातलेलं तेल धूळ पकडतं. ते निळ्या डब्यातलं फवाऱ्याचं तेल पाणी हटवायला चांगलं, पण ते टिकाऊ वंगण नव्हे. ते मारून झालं की चेनीला वेगळं तेल हवंच.

आणि वापरत राहा. डबेवाल्याची सायकल वर्षभर पावसात-उन्हात स्टेशनबाहेर उभी असते, तिला कुणी कव्हर घालत नाही, तरी ती चालते, कारण रोज पायडल फिरतं आणि छर्ऱ्यांना ग्रीस परत-परत लागतं. महिनाभर लॉकरात पडलेली सायकल बाहेर काढशील तेव्हा चेनीची कडी कडक झालेली असेल. किनाऱ्यावर जायचं नसलं तरी आठवड्यातून एकदा बाहेर काढ, चाकं फिरव, ब्रेक दाब. हे होणार नसेल तर सायकल नेऊच नकोस, तेवढ्या जागेत पाण्याचे दोन कॅन बसतील आणि ते जास्त कामाचे.

सामान थोडंच: दोन ट्यूब, सोल्युशन आणि पॅच, छोटा पंप, पाना, ब्रेकच्या दोन वायरी, चेनची एक सुटी कडी. टायर मुंबईतच नवे घे. वीस इंची टायर छोट्या गावात नेमका तुझ्या मापाचा मिळेल याचा भरवसा नाही. कुलूप साखळीचं नको, गंजून उघडायचंच नाही. पितळी गाभा असलेलं, प्लॅस्टिकने मढवलेलं घे.

मे संपता संपता बोट वर काढाल तेव्हा सायकल बोटीत ठेवू नकोस. बंद केबिनीत चार महिने ओल, त्यात मीठ; सप्टेंबरात नुसती फ्रेम हाती येईल. तिला तुमच्या दादरच्या घरी आण, पावसाळ्यात शिवाजी पार्कला फेऱ्या मार.

खरेदी करण्याआधी काळबादेवीच्या दुकानांत जाऊन घडी घालून, उचलून बघ. फोटोत सगळ्याच हलक्या दिसतात. घेतलीस की इकडे घेऊन ये. मी तिचं सगळं ओव्हरऑइलिंग करून, छर्रे काढून, चांगलं ग्रीस भरून देतो. कारखान्यातून भरतात ते पुरेसं नसतं. येताना निखिलरावांकडून ऑटोपायलटची ती डबी नेमकी कुठल्या लॉकरात आहे, त्याचा फोटो काढून आण. आणि पिशवी शिवायला ताडपत्री लागेल तिची मापं. मामीने विचारलंय, रविवारी येणार असलात तर वड्याचं सांबार करू की कोलंबी.

तुझा,
मामा